टोचणारा ट्रेबल आणि इक्वलायझर: घरच्या स्टिरिओचा आवाज सौम्य कसा करावा

स्पीकर ‘ब्राइट’ आहेत, ट्रेबल (म्हणजे वरचे, बारीक स्वर) टोचतो, अशी तक्रार सगळे एकाच शब्दात करतात. पण तिच्यामागे निदान तीन वेगळे दोष असतात आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्यात २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा पुढे आलेला असतो, त्यामुळे हार्मोनियम आणि वरच्या पट्टीतला गळा कर्कश होतो. दुसऱ्यात ५ ते ९ किलोहर्ट्झ वाढलेले असतात. तिथे प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा येतो आणि टाळ-झांजांचा नुसता खुळखुळाट उरतो. तिसऱ्यात ट्रेबल ठीकच असतो, पण खालचा भराव कमी पडतो आणि म्हणून वरचं सगळं उघडं पडतं. दोष न ओळखता ट्रेबलचं बटण डावीकडे फिरवलं तर आवाज मंद होतो आणि टोचायचं ते टोचतच राहतं. बरेच लोक इथे कंटाळतात आणि इक्वलायझरने, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, काही होत नाही असं म्हणून सोडून देतात. होतं, आणि पुष्कळ होतं. फक्त क्रम पाळावा लागतो.

या लेखात मी एक नेहमीचं उदाहरण धरून चालतो. साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांसाठी) आणि एक इंची डोम ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी) असलेले टू-वे बुकशेल्फ स्पीकर, स्टिरिओ अँप्लिफायर, फ्लॅटमधला १२ बाय १६ फुटांचा हॉल. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला सरकती काचेची खिडकी, समोर शोकेस. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय संगीत, भावगीतं आणि अभंग. तुमची मांडणी वेगळी असली तरी पायऱ्या याच राहतील.

इक्वलायझरला हात लावण्याआधी

पहिल्यांदा वायरिंग तपासा. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर दोन्हीकडचा बास एकमेकांना खातो, आवाज पोकळ आणि वरच्या अंगाचा होतो. एखादं जुनं मोनो गाणं लावा. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरट, डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटला तर एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण या एका तपासणीने अनेकांची तक्रार तिथेच संपते.

मग वाटेत आधीच कुठे ट्रेबल वाढवलेला नाही ना, ते बघा. फोनच्या प्लेयरमध्ये ‘रॉक’ प्रीसेट, टीव्हीमध्ये ‘क्लियर व्हॉइस’, अँप्लिफायरवर ट्रेबलचं बटण घड्याळाच्या काट्यासारखं दोनच्या जागी, असं सगळं एकावर एक साचत जातं. सगळं शून्यावर आणा.

तिसरी गोष्ट ट्वीटरची दिशा. एक इंची डोम सरळ समोर जितका ट्रेबल फेकतो तितका बाजूला फेकत नाही, पण हा फरक फक्त अगदी वरच्या टोकाला असतो. ३० अंश बाजूला १५ किलोहर्ट्झ साधारण ३-४ डेसिबलने उतरतात, ३ किलोहर्ट्झमध्ये मात्र ट्वीटरचा फरक जवळजवळ शून्य असतो. म्हणून स्पीकर आतल्या बाजूला वळवलेले असतील तर ते सरळ करून पाहा. झांजांची धार कमी होईल. हार्मोनियमचा कर्कशपणा तसाच राहिला तर तुमचा दोष पहिल्या प्रकारचा आहे, ही माहिती पुढे कामाला येते. ट्वीटरची उंची बसल्यावर कानाच्या पातळीत असावी. स्पीकर शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले असतील तर वूफर आणि ट्वीटर यांचा मेळ जिथे व्हायला हवा तिथे तुमचे कान नसतात, आणि मग त्या सांध्याजवळचा आवाज खडबडीत ऐकू येतो.

आता खोली. आपल्याकडे सिमेंटच्या भिंती, टाइल्स आणि काच यांच्यामध्ये ट्रेबल शोषणारं फारसं काही नसतं. खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून झणझण शेपूट ऐकू आलं तर तुमचे स्पीकर बिचारे निर्दोषही असू शकतील. स्पीकर आणि बैठक यांच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरा, काचेवर दुहेरी कापडाचा, चुण्यांचा पडदा लावा. पातळ जाळीचा पडदा काही करत नाही. बाजूच्या भिंतीवरचा पहिला परावर्तनाचा बिंदू शोधायला घरातल्या कुणाला तरी भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून आरशात ट्वीटर दिसला की तोच बिंदू. तिथे पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट ठेवलं किंवा भिंतीवर दोन इंची रॉकवूलचं कापडात गुंडाळलेलं पॅनेल टांगलं तर फरक लगेच ऐकू येतो.

हे सगळं आधी करायचं कारण सांगतो. इक्वलायझर स्पीकरमधून निघणारा आवाजच बदलतो. भिंतीवरून उलटून येणारा आवाज तेवढा वेगळा काढून तो कमी करू शकत नाही. परावर्तन कमी करण्यासाठी इक्वलायझर वापरला की थेट येणारा आवाजही उगाच बोथट होतो.

नेमकं कुठे टोचतं, ते कानाने ओळखणं

आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यामुळे ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पडद्यापर्यंत पोचेतो बराच वाढलेला असतो. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये समान जाणवणाऱ्या आवाजाच्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या, तेव्हापासून हे कागदावर आहे की कान ३-४ किलोहर्ट्झजवळ सगळ्यात तिखट असतो. या पट्ट्यातला दोन डेसिबलचा उंचवटा १२ किलोहर्ट्झमधल्या चार डेसिबलच्या उंचवट्याहून जास्त त्रास देतो. म्हणून माझा पहिला संशय नेहमी इथे जातो, जरी लोक ‘ट्रेबल’ म्हणत असले तरी.

मराठी ऐकणाऱ्याकडे यासाठी एक उत्तम साधन आधीच आहे. ‘श’ या ध्वनीची ताकद साधारण अडीच ते चार किलोहर्ट्झमध्ये असते, ‘स’ची पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये, बाईच्या आवाजात आणखी थोडी वर. ‘चांदणं’, ‘चमचा’ यांतला च हा ‘स’च्या जवळ जातो. एखादं मराठी बातमीपत्र किंवा मुलाखत लावा, संगीत नको, आणि डोळे मिटून दहा मिनिटं फक्त या अक्षरांकडे लक्ष द्या. ‘श’ आणि ‘ष’ कानाला लागत असतील तर ३ किलोहर्ट्झ. ‘स’ आणि ‘चांदण्यातला च’ सुरीसारखे येत असतील तर ६ ते ८. बोलणं नुसतंच पातळ, छातीतून न येणारं वाटत असेल तर खालचा भराव कमी आहे. पुरुषाचा भरदार आवाज यासाठी बाईच्या आवाजाइतकाच उपयोगी आहे, दोन्ही ऐका.

मग संगीत. हार्मोनियमच्या तार सप्तकातल्या स्वरांचे उपस्वर २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये गर्दी करतात. ‘ना’ची किनार, म्हणजे तबल्याच्या चाटेवरचा आघात, साधारण याच भागात धारदार असतो. अभंगातले टाळ आणि झांज ५ किलोहर्ट्झच्या वर पसरतात. तानपुऱ्याची जवारी फार छान परीक्षा घेते: ती सलग, गुंफलेली ऐकू यायला हवी, तिच्यातला एखादाच उपस्वर सतत वर डोकं काढत असेल तर तिथे स्पीकरमध्ये अरुंद उंचवटा आहे. सहा-सात वेगवेगळी ध्वनिमुद्रणं घ्या, वेगवेगळ्या काळातली. त्यातलं एकच टोचत असेल तर दोष त्या ध्वनिमुद्रणाचा आहे आणि त्यासाठी स्पीकर कायमचा बदलू नका. फक्त रेकॉर्ड प्लेयरच टोचत असेल तर फोनो केबल फार लांब नाही ना, ते बघा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला केबलची जास्तीची कपॅसिटन्स मिळाली की ट्रेबलमध्ये उंचवटा येतो.

ऐकताना आवाज तुमच्या रोजच्या पातळीवर ठेवा. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, त्यामुळे चांगले स्पीकरही किरटे वाटतात. फार मोठ्या आवाजात छोटा अँप्लिफायर क्लिप होतो, म्हणजे लहरींची टोकं कापतो, आणि त्या विकृतीचं टोचणं कुठलाही इक्वलायझर काढू शकत नाही.

कोणता इक्वलायझर, आणि तो कुठे बसवायचा

अँप्लिफायरवरचं ट्रेबलचं बटण हादेखील इक्वलायझरच आहे. पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेलं सर्किट आजही कितीतरी अँप्लिफायरमध्ये याच कामाला आहे. ते एक शेल्फ आहे: ठरावीक बिंदूच्या वरचं सगळं एकत्र खाली किंवा वर जातं. दुसरा दोष सौम्य असेल तर अकरा वाजेपर्यंतचा एक खटका पुरतो. त्यासाठी ‘सोर्स डायरेक्ट’ बंद असायला हवं, ते चालू असताना टोनची बटणं वाटेतून वगळली जातात.

ग्राफिक इक्वलायझर म्हणजे सरकपट्ट्यांचा, ३१, ६२, १२५ पासून १६ किलोहर्ट्झपर्यंत दहा पट्ट्यांचा. पट्ट्यांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. तुमचा उंचवटा २.८ किलोहर्ट्झला असेल तर तो २ आणि ४ या दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकतो. जुन्या अँप्लिफायरवर ‘टेप मॉनिटर’ची सोय असेल तर वेगळा ग्राफिक इक्वलायझर तिथे जोडता येतो: टेप आउटमधून इक्वलायझरच्या इनपुटला, तिथून परत टेप इनला, आणि टेप मॉनिटर चालू. ही वाट बाहेरच्या सगळ्या उपकरणांना लागू पडते, रेकॉर्ड प्लेयरसकट.

पण खरं काम करतो तो पॅरामेट्रिक. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये त्यावर शोधनिबंध वाचला. त्यात तीन गोष्टी तुम्ही ठरवता: मध्यबिंदू कुठे, किती डेसिबल, आणि किती रुंद. रुंदी ‘क्यू’ या आकड्याने सांगतात. क्यू १ म्हणजे साधारण दीड सप्तकाचा रुंद खळगा, क्यू ५ म्हणजे अरुंद फट. तक्रार जागेवर पकडायची असेल तर याला पर्याय नाही, आणि तो आज फुकटही मिळतो.

विंडोजच्या संगणकावर इक्वलायझर एपीओ बसवा आणि त्यावर ‘पीस’ नावाचं साधं रूप चढवा. दोन्ही मोफत आहेत. एक अट लक्षात ठेवा: प्लेयरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओ (विंडोजचा मिक्सर वगळणाऱ्या आउटपुटच्या पद्धती) निवडलं असेल तर आवाज इक्वलायझरला वळसा घालून जातो आणि तुम्ही उगाच पट्ट्या हलवत बसता. लिनक्सवर ईझीइफेक्ट्स आहे, मॅकवर ईक्यूमॅक. विमसारख्या स्ट्रीमरच्या ॲपमध्ये पॅरामेट्रिक आतच आहे. टीव्ही, रेकॉर्ड प्लेयर, फोन असं सगळं एकाच दुरुस्तीतून न्यायचं असेल तर मिनीडीएसपीसारखा डबा प्रीअँप आणि पॉवर अँप यांच्या मध्ये किंवा टेपच्या वाटेवर बसतो.

फोनवाल्यांनी हे आधी वाचावं: ब्लूटूथने वाजवताना आवाज फोनमधून जातो, म्हणून फोनचा इक्वलायझर सहसा लागू पडतो. पण क्रोमकास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्टने वाजवताना स्ट्रीमर गाणं थेट इंटरनेटवरून ओढतो, फोन फक्त रिमोट असतो. तेव्हा फोनमधला इक्वलायझर कितीही वाकवा, खोलीत काही बदलत नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपल म्युझिकसाठी ‘ट्रेबल रिड्यूसर’ नावाचा प्रीसेट आहे. दुसरं काहीच हाताशी नसेल तर तोही चालेल.

होम थिएटर रिसीव्हर असेल तर त्याच्या स्वयंचलित दुरुस्तीकडे बघा. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसीचे ‘रेफरन्स’ आणि ‘फ्लॅट’ असे पर्याय असतात. टोचत असेल तर रेफरन्स घ्या, त्यात वरचं टोक किंचित उतरतं. यामाहाच्या वायपाओमध्ये ‘फ्लॅट’ऐवजी ‘नॅचरल’ याच कारणासाठी आहे. आणि तुमचे स्पीकर यामाहाच्या एचएस मालिकेसारखे पॉवर्ड मॉनिटर असतील तर पाठीमागे ‘हाय ट्रिम’चा खटका असतो, तो उणे दोनवर टाकून बघायला खर्च शून्य.

पट्टा पकडण्याची रीत

बऱ्याच ठिकाणी असं शिकवतात की अरुंद फिल्टरने ६ ते ९ डेसिबल वाढवा, तो इकडून तिकडे सरकवा, जिथे सगळ्यात वाईट वाटेल तिथे कापा. स्टुडिओत एका वाद्यावर हे चालतं. घरच्या स्पीकरवर मला ही रीत पसंत नाही, कारण ३ किलोहर्ट्झ नऊ डेसिबलने वाढवले तर जगातला कुठलाही स्पीकर वाईटच वाटेल, आणि कान दहा मिनिटांत थकतील.

उलटं करा. एक पीकिंग फिल्टर (मध्यबिंदूभोवतीचाच पट्टा हलवणारा) घ्या, क्यू १.५, आणि तो उणे ५ डेसिबलवर ठेवा. टोचणारा एक उतारा, समजा तार सप्तकातली हार्मोनियमची तान, पुन्हापुन्हा चालू राहील असा लावा. फिल्टर २ किलोहर्ट्झवर ठेवून ऐका. मग २.५, ३, ४, ५, ६.५, ८, १०. प्रत्येक ठिकाणी वीस-तीस सेकंद द्या. एका जागी एकदम सुटल्यासारखं वाटेल, कपाळावरची आठी जाईल. पुढच्या जागी पुन्हा टोचू लागेल आणि शिवाय आवाज बोथटही वाटेल. सुटका झाली तो बिंदू लिहून ठेवा. मग दुसऱ्या उताऱ्यावर, ‘स’ असलेल्या बोलण्यावर, टाळांवर हेच करा. तीन उताऱ्यांनी जवळपास एकच जागा दाखवली तर स्पीकरचा दोष सापडला. तिघांनी तीन जागा दाखवल्या तर तुमचा प्रश्न सर्वसाधारण उताराचा आहे आणि त्याला शेल्फ लागेल.

हा फिल्टर कुठेच सुटका देत नसेल तर तिसऱ्या दोषाचा विचार करा. अरुंद पेटीचा स्पीकर उंच स्वर पुढेच फेकतो आणि खालचे स्वर चहूकडे पसरू देतो. २० सेंटिमीटर रुंद पेटीत हा बदल साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपास होतो, आणि क्रॉसओव्हरमध्ये (वूफर-ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) त्याची भरपाई कमी असेल, शिवाय स्पीकर भिंतीपासून दूर स्टँडवर असेल, तर खालचा भाग पातळ राहतो. आधी स्पीकर मागच्या भिंतीकडे एकेक वीत सरकवून बघा. मग लो-शेल्फ (बिंदूच्या खालचं सगळं हलवणारा), २०० हर्ट्झ, अधिक दीड ते दोन डेसिबल. ट्रेबलला हात न लावता टोचणं कमी होताना ऐकलं की बासचा आणि ट्रेबलचा तोल किती एकमेकांवर अवलंबून आहे ते कळतं.

प्रत्यक्ष आकडे

शोधताना उणे ५ वापरले, ठेवायचे मात्र एवढे नाहीत. शोधलेल्या बिंदूवर उणे १ पासून सुरुवात करा आणि अर्ध्या अर्ध्या डेसिबलने खाली जा. रुंद पट्ट्यात कानाला एक डेसिबल सहज कळतो. घरच्या स्पीकरवर उणे ३ च्या खाली जावं लागत असेल तर मी थांबतो आणि खोलीकडे किंवा स्पीकरच्या दिशेकडे परत जातो.

३ किलोहर्ट्झच्या दोषासाठी: पीकिंग, २.८ ते ३.५ किलोहर्ट्झ, उणे १.५ ते २.५, क्यू १ च्या आसपास. आपल्या उदाहरणातल्या टू-वे स्पीकरला इथे दुखण्याचं ठोस कारण असतं. साडेसहा इंची वूफरचा कागद प्रत्यक्षात साधारण १३ सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि अडीच किलोहर्ट्झजवळ लहरीची लांबी तेवढीच होते, म्हणून त्याचा आवाज अरुंद झोतात जाऊ लागतो. लगेच वर एक इंची ट्वीटर सुरू होतो आणि तो चहूकडे फेकतो. समोरून मोजलं तर रेषा सरळ, पण भिंतींवरून परतणाऱ्या आवाजात ३-४ किलोहर्ट्झ फुगलेले. उघड्या, टाइल्सच्या खोलीत हे फुगणं जास्त ऐकू येतं. थेट आवाजात थोडा खळगा पाडून एकूण तोल सावरणं ही इथे तडजोड आहे, पण उपयोगी तडजोड.

‘स’च्या दोषासाठी: पीकिंग, ६ ते ७.५ किलोहर्ट्झ, उणे २ ते ३, क्यू २. क्यू यापेक्षा रुंद केला तर टाळांचा जीव जातो, अरुंद केला तर एका गायिकेचा ‘स’ सुधारतो आणि दुसरीचा तसाच राहतो.

नुसत्या धारेसाठी, जिथे झांजा आणि टेपची सरसर पुढे येते: हाय-शेल्फ, ८ ते १० किलोहर्ट्झ, उणे १ ते २. वयानुसार वरचं ऐकणं कमी होतं, त्यामुळे घरातल्या तरुण कानांना हा शेल्फ हवा असतो आणि आजोबांना नको असतो. दोघांसाठी दोन प्रीसेट ठेवावेत.

आपल्या हॉलमध्ये समजा सतरंजी टाकली, स्पीकर सरळ केले, तरी हार्मोनियम आणि ‘श’ टोचतात. मग मांडणी अशी होईल: पीकिंग ३.२ किलोहर्ट्झ, उणे २, क्यू १. हाय-शेल्फ ९ किलोहर्ट्झ, उणे १. लो-शेल्फ १८० हर्ट्झ, अधिक १.५, आणि प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळी) उणे २. शेवटचा आकडा विसरू नका. डिजिटलमध्ये कुठेही वाढ केली की मोठ्या आवाजाची टोकं कापली जाण्याचा धोका असतो, म्हणून सगळ्यात मोठ्या वाढीइतकं किंवा किंचित जास्त एकूण पातळीतून आधी वजा करायचं. ती कापलेली टोकं टोचतातच.

ग्राफिक इक्वलायझरच असेल तर शेजारच्या पट्ट्या एकमेकांत मिसळतात हे ध्यानात घ्या. २ आणि ४ किलोहर्ट्झ दोन्ही उणे ३ वर नेले तर प्रत्यक्षातला खळगा पट्टीवरच्या आकड्यापेक्षा खोल असतो. ४ किलोहर्ट्झ उणे २, २ आणि ८ किलोहर्ट्झ उणे १, एवढी सुरुवात पुष्कळ झाली. पट्ट्यांचा आकार हसऱ्या चेहऱ्यासारखा करण्याची सवय सोडा.

माइकने मोजायचं असेल तर

माइकशिवाय वरचं सगळं करता येतं. पण पाच-सहा तास खर्च करायची तयारी असेल तर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा यूएसबी माइक यांनी अंदाजाचं रूपांतर चित्रात होतं. माइकच्या क्रमांकावरून त्याची कॅलिब्रेशन फाइल उतरवून घ्या. शून्य अंशाची आणि नव्वद अंशाची अशा दोन फाइल असतात. माइक छताकडे तोंड करून धरला आणि शून्य अंशाची फाइल लावली तर ट्रेबल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, आणि टोचणारे स्पीकर कागदावर निर्दोष ठरतात.

पिंक नॉइज (मोजणीसाठीचा सलग सळसळाट) वाजवा, डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा, आणि आरटीए (चालू आवाजाचा थेट आलेख) चालू करून डोक्याच्या जागेभोवती दोन फुटांच्या भागात माइक मिनिटभर सावकाश फिरवत सरासरी घ्या. एका बिंदूवरचं मोजमाप ट्रेबलसाठी निरुपयोगी असतं: १० किलोहर्ट्झची लहर साडेतीन सेंटिमीटरहूनही छोटी असते आणि मान हलवली की चित्र बदलतं. आलेख एक षष्ठांश सप्तकाने गुळगुळीत करा.

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. खोलीत मोजलेली रेषा आडवी सपाट करू नका. चांगला स्पीकर ध्वनिशोषक कक्षात सपाट असतो, पण घरात तो वरच्या बाजूला हळूहळू उतरतो, कारण उंच स्वर झोतात जातात आणि फर्निचर त्यांना खातं. ब्रूएल अँड केअर या डॅनिश कंपनीने १९७४ मध्ये सुचवलेली घरची वक्ररेषाही उतरतीच आहे, आणि फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांच्या हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या श्रवणचाचण्यांतही ऐकणाऱ्यांचा कौल अशाच सलग उताराला मिळाला. २०० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत ३ ते ६ डेसिबलचा सौम्य, सलग उतार हे तुमचं लक्ष्य. आलेखात ३ किलोहर्ट्झजवळ या उतारावर टेकडी दिसली तर ती कापा. बारीक दातऱ्यांकडे दुर्लक्ष करा, त्या परावर्तनाच्या आहेत आणि खुर्ची हलवली की सरकतात. फोनचा माइक वरच्या टोकाला भरवशाचा नाही. पण आधी आणि नंतर यांत किती फरक पडला, एवढं तो सांगू शकतो.

तुलना करताना

कापल्यावर एकूण आवाज थोडा खाली येतो, आणि कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. त्यामुळे इक्वलायझर बंद केला की ‘अरे, हेच उघडं होतं’ असं वाटून माणूस फसतो. फोनवरच्या डेसिबल मीटरने एकच उतारा दोन्ही प्रकारे मोजा आणि फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. मगच चालू-बंद करून ऐका.

तेवढ्यावर निर्णय मात्र घेऊ नका. कान मिनिटा-दोन मिनिटांत जे ऐकतो त्याला सरावतो आणि लगेच तुलनेत उजळ बाजू जिंकते. दुकानातही तीच जिंकली होती. ठरवलेली मांडणी आठवडाभर तशीच ठेवा, रोजचं ऐका, एखादी संपूर्ण मैफल ऐका. तासाभराने तुमचा हात आवाज कमी करायला गेला का, की तुम्ही पुढचा राग लावला, ही कसोटी मी कुठल्याही आलेखापेक्षा वरची मानतो. आठवड्याने इक्वलायझर बंद करून तसाच एक दिवस काढा. जुना आवाज पहिल्या दहा मिनिटांत ताजा आणि नंतर थकवणारा वाटला तर मांडणी बरोबर आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत जास्त जिवंत वाटला तर तुम्ही जास्त कापलं आहे. सगळे आकडे निम्मे करा आणि आणखी आठवडा द्या.

जुन्या ७८ आरपीएमवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी वेगळा प्रीसेट ठेवायला हरकत नाही. त्यांत ६ किलोहर्ट्झच्या वर संगीत कमी आणि खरखर जास्त असते, तिथे शेल्फ उणे ४ पर्यंतही शोभतो. बाकी ध्वनिमुद्रणानुसार रोज पट्ट्या हलवणं टाळा, नाहीतर संगीताऐवजी स्पीकर ऐकणं सुरू होतं.

जिथे इक्वलायझर चालत नाही

फक्त एकाच स्पीकरमधून टोचत असेल तर डावी-उजवी केबल अँप्लिफायरच्या बाजूला अदलाबदल करा. टोचणं त्याच पेटीत राहिलं तर ट्वीटर बिघडला आहे किंवा क्रॉसओव्हरमधला भाग गेला आहे. तो बदलून घ्या. आवाज वाढवल्यावरच टोचत असेल तर विकृती आहे: अँप्लिफायरची ताकद कमी पडते किंवा ट्वीटर खूप खालपासून चालवला जातोय. आणि वर सांगितलेलं सगळं करून, खोली सावरून, उणे ३ पर्यंत जाऊनही तानपुरा लागल्यावर तुम्ही कान मागे घेत असाल, तर ट्वीटरभोवती उथळ कर्ण्यासारखा वेव्हगाइड असलेले स्पीकर ऐकायला जा. वूफर आणि ट्वीटर यांचा झोत तिथे सांध्याजवळ जुळवलेला असतो. ऐकायला जाताना आपली हार्मोनियमची तान आणि मराठी बातमीपत्र फोनमध्ये घेऊन जा, अँप्लिफायरचा टोन शून्यावर ठेवायला सांगा, आणि दुकानदाराला निदान पाऊण तास तरी मागून घ्या.